यंत्राचे नियम आणि व्यक्तीचे नियम : ग्रुप पॉलिसीच्या दोन बाजू एकत्र कशा काम करतात

१. प्रस्तावना

एका महाविद्यालयाची कल्पना करा. तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी नेहमी आपल्या विभागातल्या संगणकांवर काम करते. 'डॉक्युमेंट्स' या फोल्डरमध्ये ठेवलेली फाइल तिला विभागातल्या कोणत्याही संगणकावर सापडते. एके दिवशी विभागात जागा नसते, म्हणून ती नव्या प्रयोगशाळेत बसते, प्रकल्प अहवालाचे शेवटचे प्रकरण लिहिते आणि सवयीप्रमाणे 'डॉक्युमेंट्स'मध्येच जतन करते. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परत येते तेव्हा ते प्रकरण विभागातल्या संगणकावर नसते. नव्या प्रयोगशाळेत ती ज्या संगणकावर बसली होती त्यावरही नसते.

फाइल कोणी मुद्दाम पुसलेली नाही. व्हायरस आलेला नाही, डिस्कही बिघडलेली नाही. नेटवर्क व्यवस्थापकाने तीन नियम केले होते. प्रत्येक नियम स्वतंत्रपणे पाहिला तर योग्यच होता. त्यांतला एक नियम व्यक्तीसाठी होता आणि दोन यंत्रासाठी. ते एकत्र आले आणि प्रकरण गेले.

हे कसे घडते ते या पाठात आपण पाहणार आहोत. पाठ अभ्यासल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता आल्या पाहिजेत :

- ग्रुप पॉलिसीच्या 'कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन' आणि 'यूझर कॉन्फिगरेशन' या दोन भागांतील फरक सांगणे.
- एखादी व्यक्ती एखाद्या संगणकावर लॉगऑन करते तेव्हा कोणते नियम कोणत्या क्रमाने लागू होतील ते कागदावर मांडणे.
- लूपबॅक प्रोसेसिंगच्या 'मर्ज' आणि 'रिप्लेस' या पद्धतींपैकी कोणती केव्हा निवडावी ते ठरवणे.
- नियम लागू होत नसेल तर कारण शोधणे.

२. पायाभूत संकल्पना

ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणि ग्रुप पॉलिसी या दोन्ही गोष्टी मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० बरोबर आणल्या. ॲक्टिव्ह डिरेक्टरी ही संस्थेतील खात्यांची मध्यवर्ती नोंदवही आहे. ही नोंदवही ज्या सर्व्हरवर असते त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात आणि तिच्या कक्षेला डोमेन म्हणतात.

या नोंदवहीत प्रत्येक व्यक्तीचे खाते असते, हे तुम्हाला माहीत असेल. पण डोमेनमध्ये सामील झालेल्या प्रत्येक संगणकाचेही त्यात स्वतंत्र खाते असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. संगणक सुरू होताना, कोणी लॉगऑन करण्याआधीच, तो स्वतःच्या खात्याने डोमेनला आपली ओळख पटवतो. म्हणजे तुम्ही प्रयोगशाळेत लॉगऑन करता तेव्हा डोमेनच्या दृष्टीने तिथे दोन खाती हजर असतात : एक यंत्राचे, एक तुमचे. पुढचा सगळा पाठ या एका वाक्यावर उभा आहे.

ही खाती नोंदवहीत कप्प्याकप्प्यांनी ठेवतात. अशा कप्प्याला ऑर्गनायझेशनल युनिट किंवा थोडक्यात ओयू म्हणतात. एक खाते एका वेळी एकाच ओयूमध्ये असू शकते. तुमचे खाते 'विद्यार्थी' ओयूमध्ये असेल आणि तुमच्या समोरच्या संगणकाचे खाते 'प्रयोगशाळा-संगणक' ओयूमध्ये.

नियमांचा जो गठ्ठा तयार करतात त्याला ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट, म्हणजे जीपीओ म्हणतात. जीपीओ साइटला, डोमेनला किंवा ओयूला जोडता येतो. नावात 'ग्रुप' असले तरी तो वापरकर्त्यांच्या गटाला जोडता येत नाही. गटाचा उपयोग फक्त चाळणीसारखा होतो. तो भाग पुढे येईल.

३. एका जीपीओचे दोन भाग

प्रत्येक जीपीओमध्ये दोन भाग असतात.

कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन : हे नियम यंत्राला लागू होतात. संगणक सुरू होताना ते वाचले जातात. त्या यंत्रावर कोण बसणार आहे याच्याशी त्यांचा संबंध नसतो. फायरवॉल, विंडोज अपडेट, सेवा, स्टार्टअप स्क्रिप्ट, जुनी प्रोफाइल्स काढून टाकणे या गोष्टी या भागात येतात.

यूझर कॉन्फिगरेशन : हे नियम व्यक्तीला लागू होतात. व्यक्ती लॉगऑन करते तेव्हा ते वाचले जातात. ती कोणत्या यंत्रावर बसली आहे याच्याशी त्यांचा एरवी संबंध नसतो. डेस्कटॉपचे चित्र, कंट्रोल पॅनेल बंद ठेवणे, लॉगऑन स्क्रिप्ट, 'डॉक्युमेंट्स'सारखे फोल्डर सर्व्हरवर वळवणे म्हणजे फोल्डर रिडायरेक्शन, या गोष्टी या भागात येतात.

दोन्ही भागांतील ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्समधले नियम शेवटी रजिस्ट्रीत लिहिले जातात, पण वेगवेगळ्या ठिकाणी. यंत्राचे नियम 'लोकल मशीन' या शाखेत, तर व्यक्तीचे नियम 'करंट यूझर' या शाखेत जातात. दोन्हीकडे 'सॉफ्टवेअर' खाली 'पॉलिसीज' नावाची जागा राखून ठेवलेली आहे. साधा वापरकर्ता ती बदलू शकत नाही.

प्रत्येक विषय त्याच्या अपेक्षित भागातच सापडेल असे मात्र नाही. पासवर्ड किमान किती अक्षरांचा असावा, हा नियम व्यक्तीबद्दलचा वाटतो, पण तो कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनमध्ये असतो. डोमेनमधील खात्यांसाठी तो डोमेनच्या पातळीवर जोडावा लागतो. तो 'विद्यार्थी' ओयूला जोडला तर विद्यार्थ्यांच्या पासवर्डवर काहीच परिणाम होत नाही. म्हणून नियम शोधताना 'हा कोणाबद्दल आहे' यापेक्षा 'हा कोणत्या भागात आहे' हे आधी पाहा.

४. नियमांचा क्रम

एकाच खात्यावर अनेक जीपीओ लागू होऊ शकतात. त्यांचा क्रम ठरलेला आहे : आधी त्या संगणकावरचे स्थानिक नियम, मग साइटचे, मग डोमेनचे, मग ओयूचे. ओयूच्या आत ओयू असेल तर बाहेरच्याचे आधी आणि आतल्याचे नंतर. दोन जीपीओंमध्ये एकाच सेटिंगबद्दल वेगवेगळे सांगितले असेल तर नंतर येणारा जिंकतो. वाद नसेल तर दोघांचेही नियम लागू होतात. 'नॉट कॉन्फिगर्ड' ठेवलेले सेटिंग वादात भागच घेत नाही.

या क्रमाला दोन अपवाद आहेत. एखाद्या ओयूवर 'ब्लॉक इनहेरिटन्स' लावले तर वरून येणारे जीपीओ तिथे थांबतात. पण वरच्या जीपीओची जोडणी 'एन्फोर्स्ड' केली असेल तर ती हा अडथळा ओलांडते आणि खालच्या जीपीओवर मातही करते. दोन जोडण्या एन्फोर्स्ड असतील तर वरच्या पातळीवरची जिंकते, म्हणजे नेहमीच्या उलट.

एक नेहमीची चूक इथेच लक्षात ठेवा. डोमेनमध्ये नव्याने सामील केलेल्या संगणकाचे खाते, वेगळे काही सांगितले नसेल तर, 'कॉम्प्युटर्स' नावाच्या जागेत जाते. ती ओयू नव्हे, साधा कंटेनर आहे. त्याला जीपीओ जोडताच येत नाही. नवे संगणक आणले, पण प्रयोगशाळेचे नियम लागत नाहीत, अशी तक्रार आली तर खाते योग्य ओयूमध्ये हलवले आहे का, हे आधी तपासावे.

५. दोन खाती, दोन याद्या

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वरचा क्रम एकदा नव्हे, दोनदा चालवला जातो. संगणक सुरू होताना, संगणकाचे खाते जिथे आहे तिथून यादी बनते आणि त्या यादीतील जीपीओंचा फक्त कॉम्प्युटर भाग वाचला जातो. व्यक्ती लॉगऑन करते तेव्हा, तिचे खाते जिथे आहे तिथून दुसरी यादी बनते आणि त्या यादीतील जीपीओंचा फक्त यूझर भाग वाचला जातो.

आपल्या महाविद्यालयात तीन जीपीओ आहेत असे समजा.

जीपीओ-महाविद्यालय, डोमेनला जोडलेला. कॉम्प्युटर भागात : ऑटोप्ले बंद. यूझर भागात : डेस्कटॉपवर महाविद्यालयाचे चित्र.

जीपीओ-विद्यार्थी, 'विद्यार्थी' ओयूला जोडलेला. यूझर भागात : 'डॉक्युमेंट्स' सर्व्हरवर वळवलेले आणि डेस्कटॉपवर परीक्षेच्या वेळापत्रकाचे चित्र.

जीपीओ-प्रयोगशाळा, 'प्रयोगशाळा-संगणक' ओयूला जोडलेला. कॉम्प्युटर भागात : १५ दिवसांपेक्षा जास्त काळ न वापरलेली प्रोफाइल्स संगणक पुन्हा सुरू होताना काढून टाकावीत. यूझर भागात : कंट्रोल पॅनेल बंद.

आपली विद्यार्थिनी प्रयोगशाळेतल्या संगणकावर बसली तर काय होईल? पुढे वाचण्याआधी वहीत उत्तर लिहून पाहा.

संगणकाची यादी : जीपीओ-महाविद्यालय, जीपीओ-प्रयोगशाळा. दोघांचा कॉम्प्युटर भाग लागू झाला. ऑटोप्ले बंद झाले आणि जुनी प्रोफाइल्स काढण्याचा नियमही आला.

विद्यार्थिनीची यादी : जीपीओ-महाविद्यालय, जीपीओ-विद्यार्थी. दोघांचा यूझर भाग लागू झाला. 'डॉक्युमेंट्स' सर्व्हरवर गेले. चित्राबद्दल दोघांत वाद आहे, त्यात नंतरचा जीपीओ-विद्यार्थी जिंकला आणि वेळापत्रकाचे चित्र दिसले.

आणि कंट्रोल पॅनेल? ते उघडेच राहिले! जीपीओ-प्रयोगशाळाचा यूझर भाग कोणीच वाचला नाही. संगणकाच्या यादीत तो जीपीओ होता, पण त्या यादीतून यूझर भाग वाचत नाहीत. विद्यार्थिनीच्या यादीत तो जीपीओ नव्हताच, कारण तिचे खाते त्या ओयूमध्ये नाही. ग्रुप पॉलिसी शिकताना सर्वात जास्त गोंधळ याच ठिकाणी होतो. नियम बरोबर लिहिलेला असतो, जीपीओ बरोबर ओयूला जोडलेला वाटतो, तरी परिणाम शून्य.

६. एकच सेटिंग दोन्ही भागांत असेल तर?

काही सेटिंग्ज दोन्ही भागांत असतात. अशा वेळी 'यंत्राचा नियम नेहमी जिंकतो' असे सरसकट सांगितले जाते. ते बहुतेक वेळा खरे ठरते, पण तो ग्रुप पॉलिसीचा सर्वसाधारण कायदा नाही. ग्रुप पॉलिसी दोन्ही किमती रजिस्ट्रीच्या दोन वेगवेगळ्या शाखांत लिहून मोकळी होते. त्यांतली कोणती मानायची हे ती किंमत वाचणारा विंडोजचा घटक किंवा प्रोग्राम ठरवतो.

दोन उदाहरणे पाहा. 'टर्न ऑफ ऑटोप्ले' हे सेटिंग दोन्हीकडे आहे. त्याच्या मदत-मजकुरातच लिहिले आहे की वाद झाल्यास कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनमधील किंमत मानली जाईल. याउलट 'ऑलवेज इन्स्टॉल विथ एलेव्हेटेड प्रिव्हिलेजेस' हे सेटिंग दोन्ही भागांत चालू केले तरच काम करते. एकाच भागात चालू केले तर त्याचा परिणाम होत नाही. (हे सेटिंग चालू करणे सुरक्षिततेच्या दृष्टीने धोक्याचे आहे. ते केल्यास साधा वापरकर्ताही वाढीव अधिकारांनी प्रोग्राम बसवू शकतो.)

म्हणून पाठांतरावर विसंबू नका. प्रत्येक सेटिंगचा मदत-मजकूर वाचा.

७. लूपबॅक प्रोसेसिंग

महाविद्यालयाच्या व्यवस्थापकापुढचा प्रश्न खरा आहे. प्रयोगशाळेत कोणीही बसले तरी कंट्रोल पॅनेल बंद हवे. पण तीच व्यक्ती दुसरीकडे बसली तर ते उघडे असायला हरकत नाही. म्हणजे नियम यूझर भागातला आहे, पण तो ठरला पाहिजे यंत्राच्या जागेवरून. ग्रंथालयातील सूची पाहण्याचे संगणक, स्वागतकक्षातील संगणक, परीक्षा केंद्र आणि एकाच सर्व्हरवर अनेकांनी दुरून काम करण्याची व्यवस्था, या सगळ्यांची गरज हीच असते.

यासाठी लूपबॅक प्रोसेसिंग आहे. हे सेटिंग स्वतः कॉम्प्युटर भागात असते : ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, त्यात सिस्टिम, त्यात ग्रुप पॉलिसी. ते चालू केले की लॉगऑनच्या वेळी संगणक व्यक्तीची यादी वेगळ्या प्रकारे बनवतो. त्याच्या दोन पद्धती आहेत.

रिप्लेस : व्यक्तीच्या जागेवरून बनणारी यादी बाजूला ठेवली जाते. त्याऐवजी संगणकाच्या जागेवरून बनणारी यादी घेतात आणि तिच्यातील जीपीओंचा यूझर भाग वाचतात. आपल्या उदाहरणात यादी होईल : जीपीओ-महाविद्यालय, जीपीओ-प्रयोगशाळा.

मर्ज : आधी व्यक्तीची यादी घेतात, तिच्या शेवटी संगणकाची यादी जोडतात, आणि सगळ्यांचा यूझर भाग त्या क्रमाने लागू करतात. यादी होईल : जीपीओ-महाविद्यालय, जीपीओ-विद्यार्थी, पुन्हा जीपीओ-महाविद्यालय, जीपीओ-प्रयोगशाळा. नंतरचा जिंकतो हा नियम तसाच आहे, म्हणून वादात यंत्राच्या बाजूचे जीपीओ वरचढ ठरतात.

मर्जच्या यादीत जीपीओ-महाविद्यालय दोनदा आला आहे, हे नीट पाहा. डेस्कटॉपच्या चित्राचे काय होईल? पहिल्यांदा महाविद्यालयाचे चित्र, मग विद्यार्थ्यांचे वेळापत्रक, आणि मग पुन्हा महाविद्यालयाचे चित्र! वेळापत्रक गेले. लूपबॅक लावल्यावर 'आम्ही चित्राला हातही लावला नव्हता, तरी ते बदलले' अशी तक्रार येते तिचे कारण हे असू शकते. डोमेनच्या पातळीवर यूझर नियम कमीत कमी ठेवावेत, असा सल्ला देतात त्यामागेही हेच आहे.

आणखी एक मुद्दा. लूपबॅक हा एखाद्या जीपीओचा गुण नाही. ती त्या संगणकाची अवस्था आहे. ते कोणत्याही एका जीपीओमधून चालू झाले की त्या संगणकाच्या यादीतील सर्व जीपीओंचे यूझर भाग जागे होतात, पूर्वी कोणी विसरून ठेवलेले नियमसुद्धा. म्हणून लूपबॅक चालू करण्याआधी त्या यादीतील प्रत्येक जीपीओचा यूझर भाग उघडून पाहावा.

८. हरवलेल्या प्रकरणाचा उलगडा

आता सुरुवातीची घटना पुन्हा पाहू. व्यक्तीबरोबर यंत्रायंत्रांवर फिरणारे रोमिंग प्रोफाइल या महाविद्यालयात वापरत नाहीत, असे धरू.

कंट्रोल पॅनेल बंद होत नाही हे पाहून व्यवस्थापकाने प्रयोगशाळेच्या संगणकांवर लूपबॅक चालू केले आणि 'रिप्लेस' निवडले. कंट्रोल पॅनेल बंद झाले, काम फत्ते झाले असे वाटले. पण त्याच क्षणी जीपीओ-विद्यार्थी यादीबाहेर गेला होता आणि त्याच्याबरोबर फोल्डर रिडायरेक्शनही.

विद्यार्थिनीने त्या यंत्रावर पहिल्यांदाच लॉगऑन केले. तिच्यासाठी तिथे नवे स्थानिक प्रोफाइल तयार झाले. 'डॉक्युमेंट्स' हे नाव तेच दिसत होते, पण ते फोल्डर सर्व्हरवर नव्हे, त्या संगणकाच्या डिस्कवर होते. प्रकरण तिथे जतन झाले. सुट्टी १५ दिवसांपेक्षा लांबली. सुट्टीनंतर संगणक सुरू झाला तेव्हा यंत्राच्या नियमाप्रमाणे न वापरलेले प्रोफाइल काढून टाकले गेले आणि त्यातले प्रकरणही गेले.

जुनी प्रोफाइल्स काढण्याचा नियम फाइली सर्व्हरवर आहेत या गृहीतावर सुरक्षित होता. रिप्लेसने ते गृहीतच काढून घेतले. यंत्राच्या बाजूचा एक नियम व्यक्तीच्या बाजूच्या दुसऱ्या नियमावर अवलंबून होता आणि हे अवलंबन कुठेच लिहिलेले नव्हते.

यावर दोन उपाय आहेत. सर्वसाधारण प्रयोगशाळेसाठी 'मर्ज' निवडावे. जीपीओ-विद्यार्थी यादीत राहतो, रिडायरेक्शन टिकते आणि कंट्रोल पॅनेलही बंद राहते. परीक्षा केंद्रात मात्र मर्ज नको, कारण तिथे विद्यार्थ्याची स्वतःची कागदपत्रे आणि नेटवर्क ड्राइव्ह समोर येता कामा नयेत. तिथे 'रिप्लेस'च योग्य आहे. पण मग परीक्षेची फाइल कुठे जतन होईल हे त्या केंद्राच्या जीपीओच्या यूझर भागात स्पष्टपणे ठरवले पाहिजे. रिप्लेस निवडणाऱ्याने व्यक्तीच्या बाजूचे सगळे नियम वाचून, त्यांतले कोणते पुन्हा लिहावे लागतील याची यादी केली पाहिजे.

९. गटाची चाळणी आणि परवानग्या

जीपीओ लागू होण्यासाठी खात्याला त्यावर दोन परवानग्या लागतात : 'रीड' आणि 'अप्लाय ग्रुप पॉलिसी'. सुरुवातीला या दोन्ही 'ऑथेंटिकेटेड यूझर्स' या गटाला दिलेल्या असतात. या गटात व्यक्तींबरोबर डोमेनमधील संगणकही येतात.

समजा, जीपीओ फक्त अंतिम वर्षाच्या गटाला लागू करायचा आहे. पूर्वी 'ऑथेंटिकेटेड यूझर्स' काढून तो गट टाकला की काम होत असे. जून २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएस१६-०७२ हे सुरक्षा अद्यतन दिले. तेव्हापासून व्यक्तीचे नियमसुद्धा संगणकाच्या खात्याच्या नावाने आणले जातात. त्यामुळे संगणकाला जीपीओ वाचण्याची परवानगी नसेल तर व्यक्तीचे नियम येतच नाहीत, व्यक्तीला परवानगी असली तरीही. उपाय सोपा आहे : 'डोमेन कॉम्प्युटर्स' किंवा 'ऑथेंटिकेटेड यूझर्स' या गटाला फक्त 'रीड' परवानगी द्यावी, 'अप्लाय' देऊ नये.

चाळणीचा दुसरा उपयोग व्यवस्थापकाला स्वतःसाठी होतो. लूपबॅक चालू असलेल्या संगणकावर तो बसला तर त्याचेही कंट्रोल पॅनेल बंद होईल. त्या जीपीओवर व्यवस्थापकांच्या गटाला 'अप्लाय ग्रुप पॉलिसी' नाकारली तर यूझर भागातून त्याची सुटका होते. कॉम्प्युटर भाग मात्र लागू राहतो, कारण तो संगणकाच्या खात्यावर अवलंबून आहे आणि संगणक त्या गटात नाही.

१०. नियम केव्हा पोहोचतात?

यंत्राचे नियम सुरू होताना आणि व्यक्तीचे लॉगऑनच्या वेळी येतात, हे आपण पाहिले. त्यानंतरही पार्श्वभूमीवर दर ९० मिनिटांनी नियम ताजे केले जातात. सगळे संगणक एकाच वेळी सर्व्हरकडे धावू नयेत म्हणून त्यात ० ते ३० मिनिटांची यादृच्छिक भर घालतात. डोमेन कंट्रोलर स्वतःचे नियम दर ५ मिनिटांनी ताजे करतात.

पण फोल्डर रिडायरेक्शन आणि सॉफ्टवेअर बसवणे ही कामे पार्श्वभूमीवर होत नाहीत. शिवाय विंडोज एक्सपीपासून साध्या संगणकांवर नेटवर्कची वाट न पाहता लॉगऑन पूर्ण करण्याची सोय आहे. त्यामुळे अशा बदलांना कधी कधी दोनदा लॉगऑन करावे लागते. प्रयोगशाळेत हा विलंब टाळायचा असेल तर 'ऑलवेज वेट फॉर द नेटवर्क ॲट कॉम्प्युटर स्टार्टअप अँड लॉगऑन' हे सेटिंग चालू करतात. हे सेटिंग कॉम्प्युटर भागात आहे आणि त्याचा परिणाम व्यक्तीच्या नियमांवरही होतो. दोन बाजू एकमेकींत कशा गुंतल्या आहेत याचे हे आणखी एक उदाहरण.

११. कारण कसे शोधावे?

नियम लागला नाही तर अंदाजाने सेटिंग बदलत बसू नका. पुढील क्रमाने जा.

पहिले : सेटिंग कोणत्या भागात आहे? कॉम्प्युटर की यूझर?

दुसरे : त्या भागाशी संबंधित खाते कोणत्या ओयूमध्ये आहे? कॉम्प्युटर भाग असेल तर संगणकाचे खाते पाहा, यूझर भाग असेल तर व्यक्तीचे.

तिसरे : त्या संगणकावर लूपबॅक चालू आहे का? असेल तर कोणत्या पद्धतीने?

चौथे : परवानग्या ठीक आहेत का? संगणक जीपीओ वाचू शकतो का?

पाचवे : प्रत्यक्ष काय लागू झाले ते पाहा. कमांड प्रॉम्प्टवर 'जीपीरिझल्ट' ही आज्ञा 'स्लॅश आर' सह दिली की लागू झालेले आणि गाळले गेलेले जीपीओ दोन्ही बाजूंसाठी वेगवेगळे दिसतात. संगणकाची बाजू पाहायची असेल तर कमांड प्रॉम्प्ट व्यवस्थापकाच्या अधिकाराने उघडावा लागतो. बदल लगेच आणायचा असेल तर 'जीपीअपडेट' ही आज्ञा आहे. आणि बदल करण्याआधीच परिणाम पाहायचा असेल तर ग्रुप पॉलिसी मॅनेजमेंट कन्सोलमधील 'ग्रुप पॉलिसी मॉडेलिंग' वापरा. त्यात व्यक्तीची जागा, संगणकाची जागा आणि लूपबॅकची पद्धत निवडून निकाल पाहता येतो. आपल्या व्यवस्थापकाने ही चाचणी केली असती तर रिडायरेक्शन यादीतून गेल्याचे त्याला आधीच दिसले असते.

सरावासाठी डोमेन हवेच असे नाही. विंडोजच्या प्रो आवृत्तीत स्थानिक ग्रुप पॉलिसी एडिटर उघडला तरी हे दोन भाग शेजारी शेजारी दिसतात. होम आवृत्तीत तो एडिटर नसतो आणि ती आवृत्ती डोमेनमध्येही सामील होत नाही. संपूर्ण प्रयोग करायचा असेल तर विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी आवृत्ती आभासी यंत्रावर बसवून छोटे डोमेन उभारता येते.

१२. सारांश

लॉगऑनच्या वेळी डोमेनपुढे दोन खाती असतात आणि प्रत्येकाची स्वतंत्र यादी बनते. जीपीओचा कोणता भाग वाचला जाईल हे जीपीओ कुठे जोडला आहे आणि त्या जागी कोणाचे खाते आहे यावर ठरते. दोन्ही भागांत एकच सेटिंग असेल तर निर्णय ते वाचणारा घटक करतो. लूपबॅक व्यक्तीची यादी यंत्राच्या जागेवरून बनवते : रिप्लेसमध्ये पूर्णपणे, मर्जमध्ये शेवटी जोडून. आणि प्रत्येक बदलाआधी हा प्रश्न विचारायचा असतो : या नियमाने कोणता दुसरा नियम यादीबाहेर जातो आहे, आणि त्यावर कोणाचे काम अवलंबून आहे?

१३. स्वाध्याय

१. प्राध्यापकांची खाती 'प्राध्यापक' ओयूमध्ये आहेत. एका प्राध्यापकांनी मर्ज पद्धतीचे लूपबॅक असलेल्या प्रयोगशाळेतील संगणकावर लॉगऑन केले. 'प्राध्यापक' ओयूला जोडलेल्या जीपीओमध्ये कंट्रोल पॅनेल उघडे ठेवण्याचा नियम आहे. ते उघडेल का? कारण द्या.

२. 'प्रयोगशाळा-संगणक' ओयूवर 'ब्लॉक इनहेरिटन्स' लावले आणि लूपबॅक रिप्लेस पद्धतीने चालू ठेवले. विद्यार्थिनीला डेस्कटॉपवर महाविद्यालयाचे चित्र दिसेल का?

३. 'विद्यार्थी' ओयूला जोडलेल्या जीपीओमध्ये फायरवॉलचा नियम लिहिला आहे. त्या ओयूमध्ये फक्त व्यक्तींची खाती आहेत. नियम कोणत्या संगणकांवर लागू होईल?

उत्तरांसाठी संकेत : (१) मर्जमध्ये शेवटी कोणाची यादी येते? (२) रिप्लेसमध्ये यादी संगणकाच्या जागेवरून बनते. त्या जागेवर वरून कोणते जीपीओ पोहोचतात? जोडणी एन्फोर्स्ड असेल तर उत्तर बदलेल का? (३) फायरवॉल कोणत्या भागात आहे, आणि तो भाग वाचणारे एकतरी खाते त्या ओयूमध्ये आहे का?